खाली खोकं आहे

१

खोकं हलकं लागलं, तेव्हाच धाकटीला कळलं, आतलं काहीतरी गेलंय.

विद्यापीठाच्या रेकॉर्डरूममध्ये सहा वर्षं काढली की हातांनाच वजन कळायला लागतं. भरलेलं खोकं ओढताना खांदा आपोआप तयार होतो. आठशे ब्याऐंशी नंबरचं खोकं तिनं रॅकवरून ओढलं, तर ते नुसतंच हातात आलं. टेबलावर ठेवून तिनं झाकण काढलं. पाच फायली असायला हव्या होत्या, होत्या चार. तिसरीच्या जागी मोकळी फट, फटीच्या तळाशी चिमूटभर तपकिरी भुकटी, आणि त्यावर पांढऱ्या पातळ कागदाची एक व्यवस्थित घडी.

घडीच्या आत चिठ्ठी होती. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून ओळीत चिकटवली होती.

‘शुक्रवारी गप्प राहा. बाप दुपारी घरी एकटाच असतो.’

तिनं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. चिठ्ठी तिथेच होती. तिचे वडील दुपारी खरंच एकटे असायचे. दोनची गोळी घेऊन खिडकीशी खुर्ची ओढायचे आणि ती येईपर्यंत रस्ता बघत बसायचे. हे कुणीतरी पाहून ठेवलं होतं. तळघरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी तिनं मागे वळून पाहिलं.

गेली ती फाईल तिच्या वडिलांच्या चौकशीची होती. सव्वीस वर्षांपूर्वी ते याच तळघरात कारकून होते. तेव्हा इथे खोऱ्याची वही होती. कोणतं घराणं कुठून आलं, कुणी कुठे घर बांधलं, पुरानं कोणती वस्ती नेली, हे सगळं दोनशे वर्षं एकामागून एक माणसांनी त्या एकाच वहीत लिहून ठेवलं होतं. दुसरी प्रत नव्हती. एके दिवशी वही नाहीशी झाली आणि किल्लीच्या नोंदीत शेवटची सही निघाली तिच्या वडिलांची. समितीनं त्यांना चोर ठरवून घरी पाठवलं. तेव्हापासून गावभर त्यांचं नाव ‘वहीचोर’. धाकटी शाळेत असताना तिला ‘वहीचोराची’ म्हणून हाक मारायचे, आणि ती ओ द्यायची, कारण नाही दिली तर जास्त मारायचे.

नियमाप्रमाणे पंचवीस वर्षं बंद राहिलेली ती फाईल यंदा खुली झाली होती. बाबांनी लगेच अर्ज केला. सुनावणी शुक्रवारी अकरा वाजता होती. फाईल समोर नसेल तर अर्ज निकाली, आणि दुसरा अर्ज करायची सोय नव्हती. शिवाय बाबांचं हृदय पुढच्या खेपेची वाट बघेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

आज बुधवार होता.

२

विभागात बायका दोनच. ही धाकटी, आणि दुसरी खळबाई. खळबाई म्हणजे फाटक्या कागदांची डॉक्टर. रोज सकाळी गव्हाची खळ शिजवायची, चाळणीतून घासून मऊ करायची आणि दिवसभर एका बारीक कुंचल्यानं दोनशे वर्षांच्या चिंध्या जोडत बसायची. तोंड फाटकं, हात मात्र शिवणारे.

धाकटी आधी मात्र तिच्याकडे गेली नाही. ती गेली विभागप्रमुखांकडे. त्यांच्या नाकावर एक चष्मा असायचा आणि कपाळावर दुसरा, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे दोनचष्मे म्हणायचे. ती काका म्हणायची. ते बाबांचे जुने सहकारी. सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा दर रविवारी घरी येणारा तो एकच माणूस होता, आणि तिला इथे चिकटवलं तेही त्यांनीच.

दोनचष्म्यांनी चिठ्ठी वाचली. मग तिच्या घडीवरच ती पुन्हा नीट मिटवली.

“हे वाईट झालं गं,” ते हळू म्हणाले. “ऐक माझं. अर्ज मागे घ्या. फायली काय, हरवतात आणि सापडतात. बाबा पुन्हा नाही मिळायचे.”

“पण काका, पुन्हा अर्ज करता येत नाही.”

“जिवापेक्षा कागद मोठा नसतो,” दोनचष्मे म्हणाले. त्यांच्या तोंडी हे वाक्य तिला विचित्र वाटलं. हा माणूस चहाची पावतीसुद्धा टाकू देत नसे. दरवर्षी निरुपयोगी कागद रद्दीत काढायचा नियम होता. दोनचष्म्यांनी तो विभागप्रमुख झाल्यापासून एकदाही पाळला नव्हता. चुकलेले लिफाफे, तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, सगळ्याला खोकं आणि खोक्याला नंबर. ‘घरी कांद्याची सालंसुद्धा नंबर घालून ठेवत असतील,’ असं खळबाई म्हणायची.

मग धाकटी खळबाईकडे आली. खळबाईनं सगळं ऐकलं आणि कुंचला खाली ठेवला.

“तळघराच्या किल्ल्या किती?”

“चार. एक आपल्या दोघींत. एक काकांकडे, एक कुलसचिवांकडे, आणि एक प्राध्यापकांकडे, त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकासाठी दिलेली.”

“मग तिघांना भेटून येऊ. बोलायचं काम माझं. तू नुसती बघत राहा, रडायचं असेल तर जिन्यात रडून घे.”

निघताना तिनं टेबलावरचं एक जुनं फाटकं पत्र उचललं आणि तळहातावर धरून चालायला लागली. ते कशाला, हे धाकटीला कळलं नाही.

३

कुलसचिव तेव्हाच्या समितीचे चिटणीस होते, आणि शुक्रवारच्या सुनावणीचे अध्यक्षही तेच. म्हणजे स्वतःचाच निकाल चुकला होता का, हे त्यांनीच ठरवायचं होतं.

“फाईल नाही?” ते म्हणाले. आनंद लपवायचा प्रयत्न त्यांनी फारसा केला नाही. “मग काय, प्रश्नच मिटला. मी किल्ली कधी वापरलीच नाही. मला धुळीनं शिंका येतात.”

“साहेब, एवढं पत्र जरा धरता का? माझी पिशवी सुटतेय,” खळबाई म्हणाली.

कुलसचिवांनी पत्र घेतलं, समोरच्या कागदांवर ठेवलं आणि सवयीनं खाट् करून स्टेपल मारला. खळबाईचा चेहरा असा झाला, जणू स्टेपल तिच्याच अंगात गेला. तिनं तिथंच नखानं स्टेपल सोडवून पत्र परत घेतलं.

प्राध्यापक वाचनकक्षात होते. त्यांचं पुस्तक छापखान्यातून आलं होतं, आणि त्यातल्या एका अख्ख्या प्रकरणाचं नाव होतं ‘एका वहीची चोरी’. बाबा निर्दोष ठरले तर ते प्रकरण कुठे लपवायचं हा प्राध्यापकांपुढे प्रश्न होता.

“फाईल मी गेल्याच महिन्यात मागितली होती,” ते चिडून म्हणाले. “तुमच्या साहेबांनी दिली नाही. कागद नाजूक आहेत म्हणे. आणि हो, चोराला चोर म्हटलं तर मुलीनं इतकं लागून घेऊ नये.”

खळबाईनं तेच पत्र त्यांच्यापुढे ठेवून वाचायला मदत मागितली. त्यांनी जिभेला बोट लावून पान उलटलं आणि पिवळी चिकटचिठ्ठी लावून परत दिलं.

शेवटी दोघी खाली दोनचष्म्यांकडे आल्या. खळबाईनं पत्र पुढे केलं. दोनचष्म्यांनी आधी हात रुमालाला पुसले, टेबलावर पातळ पांढरा कागद पसरला, पत्र त्यावर ठेवलं, आणि स्टेपलची दोन भोकं दिसताच खरंच डोळ्यांत पाणी आणलं.

“कुणी केलं हे?”

“एका गाढवानं,” खळबाई म्हणाली. “बरं साहेब, फाईल कुणी नेली असेल?”

“मला ठाऊक नाही. पण ही पोर भ्यायली आहे, तिला जास्त ताणू नका.”

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, “काय कळलं?”

“अजून काही नाही,” खळबाई म्हणाली. पण ती खोटं बोलतेय असं धाकटीला वाटलं.

४

गुरुवारी दुपारी शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून धाकटी परत तळघरात उतरली. फाईल चुकून शेजारच्या खोक्यात गेली असेल, अशी वेडी आशा होती. जेवणाची सुट्टी होती, वर सगळीकडे शांत होतं.

तळघरातले रॅक रुळांवर सरकणारे. टोकाला एक चाक असतं, ते फिरवलं की दोन रॅकमध्ये माणूस जाईल एवढी वाट उघडते आणि बाकीच्या मिटतात. चाक फिरवणाऱ्याला आतलं माणूस दिसत नाही, म्हणून आत शिरण्याआधी चाकाला खिट्टी लावायची आणि बाहेरच्यानं आधी हाक द्यायची, असा नियम होता. खिट्टी धाकटीनं लावली होती. निदान तिला तसं आठवत होतं.

आठशे एक्क्याऐंशी नंबरचं खोकं तिनं पाहून पायाशी जमिनीवर ठेवलं आणि पुढच्याला हात घातला. तेवढ्यात कुरकुर ऐकू आली.

समोरचा रॅक हलत होता.

“थांबा,” ती म्हणाली. “मी आत आहे.”

रॅक थांबला नाही. सावकाश, चाकाच्या एकेका फेऱ्यानिशी तो येत राहिला. ती वाटेच्या तोंडाकडे वळली, पण बाहेर पडायला बारा पावलं होती आणि खोक्यांच्या कडा आत्ताच खांद्यांना लागत होत्या.

“मी आत आहे. ऐकू येत नाही का? मी आहे आत.”

ऐकू येत होतं. इतक्या शांततेत न यायला काय झालं. पलीकडे कुणाचा तरी श्वास तिलाही ऐकू येत होता. ती आडवी वळली, तशी पत्र्याची कड छातीला टेकली. आता परत वळायलाही जागा नव्हती. बाबा खिडकीशी बसले असतील, एवढंच तिच्या मनात आलं. आणि मग पायाशी पुठ्ठा करकरला, तशी सहा वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं,

“खाली खोकं आहे, खोकं चिरडेल.”

चाक थांबलं.

काही क्षण काहीच झालं नाही. मग ते दोन फेरे उलटं फिरलं, तिला श्वास घेण्यापुरती जागा झाली, आणि पावलं जिन्याकडे निघून गेली. पावलं घाईत नव्हती.

५

“पुन्हा सांग,” खळबाई म्हणाली. तिनं धाकटीला स्टुलावर बसवून स्वतःची शाल पांघरली होती. “आधी काय ओरडलीस?”

“मी आत आहे. दोनदा, तीनदा.”

“थांबला?”

“नाही.”

“मग?”

“मग खोकं म्हणाले.”

“आणि थांबला.” खळबाईनं खळीचं भांडं जवळ ओढलं. मग म्हणाली, “ती चिठ्ठी काढ.”

तिनं कुंचला पाण्यात बुडवून चिठ्ठीतल्या एका अक्षरावर फिरवला. अक्षर अलगद सुटलं आणि कुंचल्याला चिकटून वर आलं. खालच्या कागदावर डागही राहिला नाही.

“हा डिंक नाही,” ती म्हणाली. “गव्हाची खळ आहे. चाळणीतून दोनदा काढलेली. अख्ख्या इमारतीत अशी खळ एकाच भांड्यात असते.”

भांडं तिच्यासमोर होतं. धाकटीनं शाल सोडली आणि ती मागे दाराकडे सरकली. दाराची कडी आतून लागलेली होती. कधी लावली होती, तिला आठवेना.

“कडी मीच लावली,” खळबाई म्हणाली. “बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून. खाली बस, वेडे. मी चिठ्ठी लिहिली असती तर तुला अक्षर सोडवून दाखवलं असतं का?”

धाकटी बसली नाही, पण कडीवरचा हात तिनं काढला.

“भांडं रात्रंदिवस उघडंच असतं, कुणीही बोट बुडवावं. पण बुडवणार कोण? कुलसचिव स्टेपल मारेल. प्राध्यापक दुकानातला डिंक घेईल. आपल्या धंद्यात शिकवतात काय? जे करशील ते उलटवता आलं पाहिजे. पाणी लावलं की सुटलं पाहिजे. धमकी चिकटवतानाही ज्याला हे सुचतं, तो आपल्यातलाच. आता दुसरं. चिठ्ठी कशात गुंडाळली होती?”

“पांढऱ्या पातळ कागदात.” आणि सांगता सांगता धाकटीला ते समोर दिसलं. “ॲसिड-फ्री कागदात.”

“का?”

“वर्तमानपत्राचा कागद आंबट असतो. शेजारच्या फायलींना डाग पडले असते.”

“तुझ्या बापाला मारायची धमकी देताना ज्याला शेजारच्या फायलींची काळजी पडली, तो कोण? काल तिघांच्या हातात पत्र दिलं. खाली पांढरा कागद कुणी पसरला?”

धाकटीनं मान हलवली. नाही म्हणून हलवली. रविवारी घरी येऊन बाबांशी बुद्धिबळ खेळणारा माणूस. तिच्या नोकरीच्या अर्जाला टाचणीऐवजी सुती फीत बांधून देणारा माणूस. दुपारी बाबा एकटे असतात हे ज्याला नक्की ठाऊक होतं, असाही माणूस.

“तुझ्या ओरडण्यानं थांबला नाही तो,” खळबाई म्हणाली. “खोक्यासाठी थांबला.”

६

“पण का?” धाकटीनं शुक्रवारी सकाळी विचारलं. रात्रभर तिनं तेवढंच विचारलं होतं.

“का ते फायलीत असेल. आणि फाईल आहे. या माणसानं सव्वीस वर्षांत लिफाफासुद्धा फाडला नाही, तो फाईल जाळणार नाही. कुठे ठेवली, एवढंच शोधायचं.”

“तळघरात अकरा हजार खोकी आहेत, मावशी.”

“म्हणून डोकं वापर. खोक्यात भुकटी होती म्हणालीस. कसली?”

“तपकिरी. बारीक.” धाकटी थांबली. “कसरीची. ताजी होती, बोटाला लागली. म्हणजे फायलीत कसर जिवंत होती.”

“कसर लागलेली फाईल तो चांगल्या खोक्यात घालील?”

“जीव गेला तरी नाही. घरीही नेणार नाही, घरी त्यांची पुस्तकं आहेत.” आणि मग धाकटीच उठली. किडे लागलेले कागद विभागात एकाच ठिकाणी ठेवत. पिशवीत हवाबंद करून, थंडीनं किडे मरेपर्यंत.

दोनचष्मे सुनावणीच्या तयारीला वर गेले होते. तळघराच्या टोकाला, रॅकच्या पलीकडे, मोठा पांढरा फ्रीजर घुरघुरत होता. तिथवर जायला रॅकच्या शेजारून जावं लागे. धाकटीनं खळबाईचा पदर धरला आणि सोडला नाही.

फ्रीजरवरच्या नोंदवहीत अकरा पिशव्या होत्या. आत पिशव्या होत्या बारा.

बारावीला नावाची चिठ्ठी नव्हती, पण तिच्यातली हवा उत्तम काढलेली होती. बर्फाळ प्लास्टिकमधून फायलीचा नंबर दिसत होता. आठशे ब्याऐंशी, तीन. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. पावणेअकरा वाजले होते.

“मावशी, ही आत्ता उघडता येणार नाही.”

खळबाईलाही ते तेव्हाच आठवलं असावं, कारण पिशवीकडे नेलेला हात तिनं मागे घेतला. फ्रीजरमधून काढलेली पिशवी चोवीस तास तशीच ठेवायची असते. आधी उघडली तर गार कागदावर दव धरतं. जुनी निळी शाई दवानं पसरते, आणि कागद हाती राहतो तो नुसता निळा.

उघडली तर पुरावा जाणार होता. नाही उघडली तर अर्ज.

७

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. मध्ये कुलसचिव, दोन्ही बाजूंना बाहेरचे दोन सदस्य, कोपऱ्यात आपलं पुस्तक मांडीवर घेऊन प्राध्यापक. भिंतीशी दोनचष्मे बसले होते. धाकटी आत आली तेव्हा त्यांनी नेहमीसारखं मायेनं पाहिलं, आणि मग त्यांना तिच्या हातातली पिशवी दिसली.

“फाईल सापडली,” ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिनं कापू दिला. “तळघरातल्या फ्रीजरमध्ये.”

“मग उघडा,” कुलसचिव म्हणाले. “सव्वाअकराला मला दुसरी बैठक आहे.”

“साहेब, उद्यापर्यंत मुदत मिळाली तर—”

“मुदत नाही. उघडा, नाहीतर अर्ज निकाली.”

धाकटीनं टेबलावरची कात्री उचलली. पिशवीचा कोपरा तिनं दोन पात्यांमध्ये धरला. ती कुलसचिवांकडे बघत नव्हती. ती दोनचष्म्यांकडे बघत होती, आणि तिला भीती वाटत होती, कालच्या रॅकमध्ये वाटली होती तेवढीच. पात्यांनी प्लास्टिकला दात लावला.

“नको,” दोनचष्मे म्हणाले.

ती थांबली नाही.

“अगं, दव धरेल.” ते उठून उभे राहिले होते. “त्यात निळ्या शाईतली यादी आहे, सगळी वाहून जाईल. ठेव ती कात्री. काय आहे त्यात ते मी सांगतो, पण तो कागद भिजवू नकोस.”

धाकटीनं कात्री तशीच धरून ठेवली. दोनचष्म्यांनी कपाळावरचा चष्मा काढला, मग नाकावरचाही, आणि दोन्ही हातात धरून सांगायला सुरुवात केली.

“सव्वीस वर्षांपूर्वी रद्दी काढायचं काम माझ्याकडे होतं. त्याच वर्षी सगळ्या खोक्यांना नवे नंबर दिले होते. यादीत लिहिलं होतं तीनशे चौदा. ते जुन्या नंबरानं. त्यात जुनी हजेरीपत्रकं होती, ती लगद्याला जायची होती. मी नव्या नंबराचं तीनशे चौदा काढलं. उघडून पाहिलं नाही, गाडी दारात उभी होती. त्यात खोऱ्याची वही होती.”

बाहेरच्या एका सदस्यानं लिहायला कागद ओढला.

“आठ दिवसांनी कळलं. तोवर लगदा झाला होता. यादीवर माझी खूण आहे, कारखान्याच्या पोचेवर माझी सही. दोन्ही या फायलीत आहेत. समितीनं पाहिली, पण नंबर बदललेत हे समितीला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. किल्लीच्या नोंदीत सही दुसऱ्याची होती. मी गप्प बसलो. यंदा मात्र सुटका नव्हती. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता गेल्याच वर्षी या मुलीनं बनवला. यादी हातात आली की तिला पहिल्या मिनिटात कळलं असतं.”

कुलसचिवांच्या हातात स्टेपलर होता. त्यांनी तो सावकाश खाली ठेवला. “मग ही फाईल तुम्ही तेव्हाच नष्ट का नाही केलीत?”

“एकदा केलं होतं ना नष्ट,” दोनचष्मे म्हणाले. “नंतर हात धजला नाही. शुक्रवार गेला की मी ती परत जागेवर ठेवणार होतो. उलटवता येईल असंच केलं मी सगळं.”

“बाबांची सव्वीस वर्षं उलटवा,” धाकटी म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली. कोपऱ्यातून प्राध्यापकांचा क्षीण आवाज आला, “पण पुस्तक तर छापून झालंय.” त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

जबाब लिहून सही झाल्यावर दोनचष्मे तिच्या शेजारून दाराकडे निघाले. तिनं त्यांची वाट अडवली.

“खोकं नसतं तर थांबला असतात का, काका?”

“तू सुट्टीत घरी गेली असशील असं वाटलं होतं,” ते म्हणाले. “रॅक मिटवायला म्हणून खिट्टी काढली. मग तुझा आवाज आला.”

“आवाज आल्यावर तरी?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना ती बहुधा धुरकट दिसत असावी.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “कालपासून तेच बघतोय. मला माहीत नाही.”

जिन्यात खळबाई उभी होती. तिनं कान देऊन सगळं ऐकलं होतं. “आणि तू गं? ते बोलले नसते तर कापली असतीस पिशवी?”

धाकटीनं हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि ती खळबाईच्या हातात दिली.

८

शनिवारी साडेअकराला पिशवी उघडली. बाबांना टॅक्सीनं आणलं होतं. सव्वीस वर्षांनी ते त्या जिन्यावरून उतरले, एका हातात काठी, दुसऱ्या हाताखाली लेक. त्यांनी आधी बेसिन शोधून हात धुतले, कोरडे केले, आणि मगच टेबलाशी बसले. यादी वाचली. पोच वाचली. तीनशे चौदाच्या आकड्याशी असलेली निळी खूण त्यांनी बोट न लावता, वरूनच दाखवली.

“दर रविवारी माझ्याशी खेळायचा,” ते म्हणाले. “आणि दर रविवारी हरायचा. मला वाटायचं, खेळता येत नाही बिचाऱ्याला.”

मग बराच वेळ ते रडले. खळबाईनं खळीचं भांडं उगाच ढवळत दुसरीकडे पाहिलं.

शेवटी फाईल जागेवर ठेवायची वेळ आली. धाकटी खोकं घेऊन रॅकपर्यंत गेली आणि तिचे पाय उचलेनात. वाट उघडी होती, खिट्टी लावलेली होती, ती तिनं तीनदा तपासली. तरी छातीवर पत्र्याची कड टेकल्यासारखं झालं. आत अंधार नव्हता, कुणी नव्हतं, काही नव्हतं. ती उभीच राहिली.

मागून काठीचा टक्‍टक् आवाज आला. बाबा टोकापर्यंत चालत आले. काठी त्यांनी रॅकला टेकवून ठेवली, चाकावरची धूळ बाहीनं पुसली आणि दोन्ही हातांनी ते घट्ट पकडलं.

“हीच चाकं होती आमच्या वेळेला,” ते म्हणाले. “जा आत. मी धरलंय.”